पनवेलचा धूर

पनवेलची कीर्ती औषधांची. १८७२ साली कृष्णशास्त्री पुराणिकांनी धूतपापेश्वरचा कारखाना येथेच काढला. माझा पाइप सुटावा म्हणून इथल्याच एका वैद्यबुवांनी चरकसंहितेतली धूमवर्ती वळून दिली : चंदन, वेलची, दालचिनी, वाळा, जटामांसी, गुग्गुळ, साखर वगैरे. बोरूच्या काडीवर लेप वाळवून काडी काढली, की आठ अंगुळांची पोकळ वात उरते. तूप लावून ती नळीत पेटवली. पहिला झुरका देवघरासारखा गोड, मागाहून गुग्गुळाचा कडवटपणा. जीभ पोळली नाही. पण तलफही भागेना. भागणार कशी? तंबाखू आली पोर्तुगीजांबरोबर. चरकाला ती ठाऊकच नव्हती! धूर नाकावाटे सोडू नये, डोळे बिघडतात, एवढे मात्र त्याने बजावले आहे. (पाइपवाल्यांची सारी ऐट तर तिथेच!)

“दिवसातून दोनदाच ओढायची,” वैद्यबुवा म्हणाले.

दोनदा! न्याहारीपर्यंतच माझा पाइप तिसऱ्यांदा भरलेला असतो.