मुकी चूक

संगणकशास्त्रातील व्हर्च्युअल मशीनला मराठीत ‘आभासी यंत्र’ म्हणतात. आभास म्हटला की आपल्याला दोरीवर भासणारा साप आठवतो. परंतु या यंत्राची तऱ्हा पोटभाडेकरूची अधिक आहे. खऱ्या संगणकाच्या स्मृतीचा थोडा भाग घेऊन त्यात दुसरा संगणक नांदतो, आणि आपण कोणाच्या घरात राहतो याची त्याला सहसा कल्पना नसते. आयबीएमने १९७२ मध्ये ‘व्हीएम/३७०’ ही प्रणाली जाहीर केली, ती एका मोठ्या यंत्रावर अनेकांना स्वतंत्र यंत्राप्रमाणे काम करता यावे म्हणून. आज हीच युक्ती कालबाह्य सॉफ्टवेअर जिवंत ठेवण्यासाठीही वापरली जाते.

ज्या आर. के. पुरममध्ये वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोगाने दीर्घकाळ पारिभाषिक शब्द घडविले, तेथीलच एका सरकारी निवासस्थानी एक मराठी अधिकारी वडिलांचा वऱ्हाडी शब्दसंग्रह छपाईसाठी सिद्ध करीत होते. संग्रह युनिकोडपूर्व फाँटात टंकलेला होता. नव्या प्रणालीत तो उघडला की रोमन अक्षरांचा निरर्थक गुंता दिसे. म्हणून आभासी यंत्रात जुनी विंडोज बसवून तेथे मजकुराचे रूपांतर चाले. हे यंत्र दिवसातून दोन-तीनदा पूर्वसूचनेवाचून बंद पडू लागले.

त्यांनी प्रथम आतली नोंदवही पाहिली. पुन्हा सुरू होताना यंत्राने एवढेच लिहिले होते की मागील वेळचे बंद होणे अनपेक्षित होते. स्वतःच्या मृत्यूचे कारण मृताने सांगावे, ही अपेक्षाच चुकीची होती. मग एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहणे सुरू झाले: डाँगल काढला, यंत्राच्या वाट्याची स्मृती कमी केली, जुनी विंडोज नव्याने बसविली. गुण आला नाही. यजमान संगणकाच्या नोंदीत मात्र एक धागा सापडला. प्रत्येक वेळी कार्यक्रम निराळ्याच ठिकाणी कोसळला होता. जिम ग्रे यांनी १९८५ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात शोधू जाता निसटणाऱ्या अशा दोषांना ‘हायझेनबग’ म्हटले आहे. पण दोष कार्यक्रमाचाच असेल, हेही गृहीत धरण्याचे कारण नव्हते. तेच आभासी यंत्र जसेच्या तसे दुसऱ्या संगणकावर नेले, तेव्हा ते आठवडाभर निर्वेध चालले. भाडेकरू निर्दोष होता. घराची भिंत पोकळ होती. रात्रभर चाललेल्या चाचणीत स्मृतीच्या दोन पट्ट्यांपैकी एक सदोष निघाली. ती काढताच कोसळणे थांबले.

आता काम पुढे न्यावे, असे त्यांच्या मनात आले. फोनवर वडिलांनी विचारले, “अरे, बंद पडलं तेव्हाचं कळलं. पण चालू होतं, तेव्हा काय लिहीत होतं?”

प्रश्न मर्मावर बोट ठेवणारा होता. इंटेलमधील टिमोथी मे आणि मरे वुड्स यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस दाखवून दिले होते की स्मृतीचिपच्या आवेष्टनातून निघणारा अल्फा कणही एखादा बिट उलटवू शकतो. अशी चूक ओळखून दुरुस्त करण्याची रीत रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्येच मांडली होती. परंतु घरगुती संगणकांच्या स्मृतीत ती सोय बहुधा नसते. युनिकोडमध्ये ‘म’चा क्रमांक २३५० आणि ‘य’चा २३५१, दोहोंत अंतर एका बिटाचे. तो उलटला की ‘मती’ची ‘यती’ होते, आणि शब्द सार्थच राहिल्याने शुद्धलेखन-तपासनीसही काही बोलत नाही.

जुन्या लेखनिकाच्या हातूनही हेच घडे. चुकीच्या क्षणी त्याचा बोरू मोडत नसे. अपपाठ पुढच्या प्रतीत निमूट उतरे. शके १५०६ मध्ये एकनाथांना ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली, ती अशाच साचलेल्या अपपाठांमुळे. त्या मानाने यंत्राचे कोसळणे हा उपकारच म्हणायचा, कारण ते निदान आवाज करते.

सदोष पट्टीच्या काळात झालेले सर्व रूपांतर त्यांनी बाद केले. मूळ फाइलींच्या जुन्या सीडीवरून काम पुन्हा आरंभिले. दोन निरनिराळ्या संगणकांवर रूपांतर करावयाचे, दोन्ही प्रती अक्षरशः ताडून पाहावयाच्या, आणि जुळतील तेवढीच पाने वडिलांकडे वाचनासाठी धाडावयाची, असा नियम ठरला. छपाई काही महिने लांबली. वडिलांनी त्याबद्दल तक्रार केली नाही.