न पाहिलेले शहर

फेज हे शहर मी पाहिलेले नाही. तेथे जाण्याचा योग अजून आला नाही. तरीही त्या शहराच्या गल्ल्या, तेथील बाजार, तेथील वास आणि आवाज मला ओळखीचे वाटतात. ही ओळख पुस्तकांनी करून दिली. या एकाच शहराविषयीची चार पुस्तके मी एकापाठोपाठ एक वाचली. प्रत्येक पुस्तकाने मला वेगळ्या दरवाजाने आत नेले. म्हणून मला फेज एक वाटत नाही, चार वाटतात.

फेज आफ्रिका खंडाच्या वायव्य कोपऱ्यात, मोरोक्को देशात आहे. उर्दूत या देशाला मराकश म्हणतात. तेथील लोक मात्र आपल्या देशाला अल-मगरिब म्हणतात आणि या शहराला फास. मगरिब म्हणजे पश्चिम, सूर्य मावळण्याची दिशा. इसवी सन 789 मध्ये इद्रीस पहिला या राज्यकर्त्याने एका लहानशा नदीकाठी या शहराचा पाया घातला. पुढे त्याच्या मुलाने समोरच्या काठावर दुसरी वस्ती वसवली. नवव्या शतकात स्पेनमधील कॉर्डोबा शहरातून हद्दपार झालेली कुटुंबे एका काठावर येऊन राहिली. ट्युनिशियातील कैरवान शहरातून आलेली कुटुंबे दुसऱ्या काठावर राहिली. म्हणजे हे शहर मुळात घर सोडून आलेल्या माणसांनी उभे केले.

कैरवानहून आलेल्या एका व्यापाऱ्याला फातिमा अल-फिहरी नावाची मुलगी होती. वडिलांकडून वारशाने मिळालेला पैसा खर्च करून तिने 859 मध्ये एक मशीद बांधली, असे परंपरा सांगते. कैरवानच्या लोकांवरून त्या मशिदीला अल-करवीयीन हे नाव पडले. तेथेच पुढे मोठे विद्यापीठ वाढले. त्याच्या ग्रंथालयात शेकडो वर्षांची हस्तलिखिते आहेत. थोर इतिहासकार इब्न खलदून याने स्वतः भेट दिलेली आपल्या ग्रंथाची प्रतही तेथे आहे. अलीकडे या ग्रंथालयाची इमारत ओल धरून खराब झाली होती. तेव्हा 2012 मध्ये तिच्या दुरुस्तीचे काम अझीझा शौनी या वास्तुशिल्पी स्त्रीकडे आले. त्याही फेजच्याच. एका स्त्रीच्या नावाशी जोडलेली वास्तू अकराशेहून अधिक वर्षांनी दुसऱ्या स्त्रीने सावरली, ही गोष्ट मला फार आवडते.

जुन्या फेजमधील गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की त्यांतून मोटार जात नाही. ओझी वाहायला गाढवे आणि खेचरे असतात. त्यांना हाकणारा माणूस मागून "बालक! बालक!" असे ओरडत येतो. मराठी माणसाला वाटेल की तो एखाद्या मुलाला हाक मारतो आहे! पण तेथील बोलीत या शब्दाचा अर्थ 'सांभाळा, बाजूला व्हा' असा आहे. बाजारांची नावे व्यवसायांवरून पडली आहेत. मसाले व सुगंधी वस्तू विकणाऱ्यांचा तो अत्तारीन, सुतारांचा तो नज्जारीन, कापड रंगवणाऱ्यांचा तो सब्बागीन. उर्दू येणाऱ्या मुलाला यांतील अर्धे शहर तर नावांवरूनच समजेल. एका भागात कातडी कमावण्याचे दगडी हौद आहेत. तेथे चुना आणि कबुतरांची विष्ठा वापरतात. तो वास सहन होत नाही, म्हणून पाहुण्यांच्या हातात पुदिन्याची काडी देतात. याच देशाच्या नावाने ओळखले जाणारे बकऱ्याचे मऊ चामडे जगभर उत्तम पुस्तकांच्या बांधणीसाठी वापरले गेले.

आता त्या चार पुस्तकांकडे वळू.

पहिले पुस्तक आहे इब्न बतूताचे प्रवासवर्णन. हा मुसाफिर मूळचा तंजा शहराचा. 1325 मध्ये, एकविसाव्या वर्षी, तो हजसाठी घराबाहेर पडला आणि जवळजवळ तीस वर्षे फिरत राहिला. शेवटी तो फेजला आला, तेव्हा तेथील सुलतान अबू इनान याने त्याला सारा प्रवास सांगायला लावले. इब्न जुझय नावाच्या विद्वानाने तो लिहून घेतला. हे काम 1355 मध्ये पुरे झाले. म्हणजे अर्ध्या जगाचे वर्णन असलेले हे पुस्तक फेजमध्ये तयार झाले. एक जण आठवून सांगतो आहे आणि दुसरा लिहून घेतो आहे!

या पुस्तकात मला माझे गाव सापडले. मी नंदुरबारची. इब्न बतूता दिल्लीत काही वर्षे काझी होता. सुलतान मुहम्मद बिन तुघलकाचा वकील म्हणून चीनला जायला निघाला, तेव्हा वाटेत तो दौलताबाद आणि नंदुरबार येथे आला होता. दौलताबादेत गाणाऱ्यांचा एक सुंदर बाजार होता आणि त्याचे नाव तरबाबाद होते, असे तो सांगतो. नंदुरबारविषयी तो लिहितो की येथे मराठे राहतात, ते कारागिरीत हुशार आहेत आणि त्यांचे जेवण म्हणजे भात, भाजी आणि तिळाचे तेल.

हे वाचून मला आनंद झाला आणि हसूही आले. आमच्या खानदेशात माणूस भाकरीवर जगतो. मग भात कोठून आला? विचार केल्यावर वाटले, तो मोठा पाहुणा होता. त्याच्यापुढे जे ताट आले, तेच त्याने लिहिले असेल. आज नंदुरबारचे नाव निघाले की लोक मिरचीच्या बाजाराची आठवण काढतात. पण इब्न बतूताने येथे मिरची पाहिलीच नाही. कारण मिरची मूळची अमेरिकेची, आणि ती पोर्तुगिजांबरोबर आपल्याकडे आली, त्याच्या भेटीनंतर दीडशेहून अधिक वर्षांनी. प्रवासी खोटे बोलत नाही; पण तो ज्या दिवशी आला, जेथे बसला, तेथून जेवढे दिसले तेवढेच सांगतो.

दुसरे पुस्तक हसन अल-वज्जानचे. तो ग्रॅनडा शहरात जन्मला. तेथील मुस्लिम राज्य संपल्यावर त्याचे कुटुंब फेजला आले. तो तेथेच शिकला. विद्यार्थी असताना त्याने शहराच्या इस्पितळात दोन वर्षे कारकुनीही केली. 1518 मध्ये समुद्री चाच्यांनी त्याला पकडले आणि रोमला नेऊन पोपला नजर केले. तेथे त्याचा बाप्तिस्मा झाला आणि त्याला लिओ हे नवे नाव मिळाले. म्हणून युरोपात तो 'आफ्रिकेचा लिओ' या नावाने प्रसिद्ध आहे. रोममध्ये असताना, परक्या भाषेत, त्याने आफ्रिकेचे वर्णन लिहिले. ते 1550 मध्ये व्हेनिस शहरात छापले गेले. त्यात फेजवर पानेच्या पाने आहेत. हमामखाने, सराया, पिठाच्या गिरण्या, मदरसे, दुकानदार, लग्नाच्या चालीरीती, काहीही त्याने सोडलेले नाही. इतके बारकावे कशासाठी? मला वाटते, ज्याचे घर दूर राहिले आहे, तो घरातली प्रत्येक वस्तू मनात पुन्हा पुन्हा मोजतो. पुढे अमीन मालूफ या लेबनानी लेखकाने 1986 मध्ये त्याच्या जीवनावर फ्रेंच भाषेत एक सुंदर कादंबरी लिहिली.

तिसरे पुस्तक पॉल बोल्स या अमेरिकन लेखकाची कादंबरी, 'द स्पायडर्स हाऊस', म्हणजे 'कोळ्याचे घर'. कुराणातील अल-अन्कबूत या सूरतमधील दृष्टान्तावरून हे नाव घेतले आहे. ती 1955 मध्ये प्रसिद्ध झाली. त्या वेळी मोरोक्कोवर फ्रेंचांची सत्ता होती आणि स्वातंत्र्याचा लढा जोरात होता. 1956 मध्ये देश स्वतंत्र झाला. या कादंबरीत एक अमेरिकन लेखक आहे आणि फेजमधला अमर नावाचा एक निरक्षर मुलगा आहे. त्या अमेरिकन माणसाला फेज फार आवडते. हे शहर असेच जुनेपुराणे राहावे, त्यात काही बदलू नये, असे त्याला वाटते. पण तेथे राहणाऱ्यांना काय हवे आहे? शेवटी शहर पेटते, तेव्हा तो पाहुणा मोटारीत बसून निघून जातो. अमर मोटारीमागे धावतो आणि रस्त्यावरच राहतो. बोल्सने आपल्यासारख्याच माणसाला सोडले नाही, याचे मला कौतुक वाटते. पाहुण्याजवळ परतीचा रस्ता असतो, हे त्याने प्रामाणिकपणे दाखवले.

चौथे पुस्तक फातिमा मर्निसी यांचे. त्या 1940 मध्ये फेजमध्येच जन्मल्या, पुढे नामवंत समाजशास्त्रज्ञ झाल्या आणि 2015 मध्ये वारल्या. 'ड्रीम्स ऑफ ट्रेसपास' हे त्यांचे पुस्तक 1994 मध्ये इंग्रजीत निघाले. एका मोठ्या एकत्र कुटुंबातील लहान मुलगी त्यात आपल्या घराच्या गोष्टी सांगते. घराच्या दाराशी दरबान बसलेला असतो. बायकांना परवानगीशिवाय उंबरठा ओलांडता येत नाही. त्यांच्या वाट्याला चौक आहे आणि चौकावर दिसणारा आकाशाचा चौकोनी तुकडा. 'हुदूद' म्हणजे मर्यादा, सीमा. ही सीमा नक्की कोठे सुरू होते, हे ती मुलगी सारखी शोधत असते. घरातला रेडिओ कुलपात असतो आणि किल्ली पुरुषांकडे. एक दिवस वडील मुलांना विचारतात, "आज काय केलेत?" मुले सांगून टाकतात, "कैरोचा रेडिओ ऐकला." मग बायकांकडे दुसरी किल्ली आहे, हे साऱ्या घराला कळते!

हे पुस्तक वाचताना मला माझी आजी दिसू लागली. आमचे घरही जुने, मधे चौक असलेले. आजी एकटी कधी बाहेर पडली नाही. लग्न होऊन आली ती त्या उंबऱ्याच्या आतच म्हातारी झाली. तरी साऱ्या गल्लीची खबर तिला असे. टांग्याच्या आवाजावरून कोणाकडे पाहुणा आला ते ती सांगे. हवेत मिरचीचा ठसका आला की म्हणे, "आज गाड्या भरून आल्या बरं बाजारात." एकदा मी तिला विचारले, "आजी, तुला आपलं गाव कसं दिसतं गं?" ती म्हणाली, "मला दिसत नाही बाई, मला ऐकू येतं."

माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. ती गेली, तेव्हा ते ऐकू येणारे नंदुरबारही तिच्याबरोबर गेले. वाटेवरून गेलेल्या मुसाफिराच्या चार ओळी साडेसहाशे वर्षांहून अधिक काळ टिकल्या. साठ वर्षे तेथे राहिलेल्या बाईची एकही ओळ कोठे नाही. फेजचे नशीब थोर. त्याला पाहुणा मिळाला, कैदी मिळाला, परका मिळाला आणि घराच्या आतून बोलणारी लेकही मिळाली. ती लेक लिहायला शिकली होती, एवढाच काय तो फरक.

म्हणून आता कोणत्याही शहराविषयीचे पुस्तक हाती आले की मी आधी एक प्रश्न विचारते. हे लिहिणारा माणूस कोठे उभा आहे? गल्लीत, इस्पितळात, मोटारीत, की उंबऱ्याच्या आत? एका पुस्तकाने शहर कळत नाही. चार जणांचे ऐकले की थोडे कळू लागते.

आणि मुलांनो, तुमच्या मोहल्ल्याचे काय? सकाळी तेथे पहिला आवाज कशाचा येतो? कोणत्या दुकानाचा वास दुरून ओळखू येतो? तुमच्या नानीला, दादीला ते गाव कसे दिसते, की ऐकू येते? बाहेरचा मुसाफिर आला, तर त्याच्यापुढे जे ताट येईल तेवढेच तो लिहील. रोजची भाकरी घरच्याच माणसाला माहीत असते. तुम्ही दोन-तीन भाषा लिहायला शिकत आहात. आज घरी गेल्यावर दादीजवळ बसा, तिला विचारा, आणि ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत वहीत उतरवून ठेवा.