दर्यावरची वहाण

भुजहून दक्षिणेस सुमारे 60 किलोमीटरवर, रुक्मावती नदी कच्छच्या आखातास जेथे मिळते, तेथे मांडवी बंदर वसले आहे. सुमारे चार शतके या नदीकाठी लाकडी जहाजे बांधली जात आहेत. बडोद्याहून गेलेले आम्ही काही शिक्षक त्या अजस्र सांगाड्यांखाली उभे राहिलो, तो ठोकाठोकीच्या आवाजाबरोबर थट्टामस्करीही कानी आली.

गुजरातीत जहाजास ‘वहाण’ म्हणतात. आमच्या भाषेत वहाण पायात घालतात, हे सांगताच वृद्ध मिस्त्री उद्गारले, “बरोबरच आहे, मास्तरसाहेब! दर्यावर चालायचे, तर एवढी वहाण हवीच!”

येथे कागदी नकाशा क्वचितच दिसतो. मापे मिस्त्रींच्या नजरेत असतात. सागाचे वा सालाचे लाकूड, फळ्यांच्या सांध्यांत ठासलेला कापूस, आणि दोन-दोन वर्षांची मेहनत! कापूस भरणाऱ्यास मिस्त्रींनी विचारले, “दर्याला आत जेवायला बोलावले आहेस काय?” तो उत्तरला, “काका, तुमच्या सांध्यांना कापसाचे अख्खे शेत लागेल!” सारे हसले, मात्र दोघांनीही तो सांधा पुन्हा तपासला.

त्या हसण्याचे मोल आम्हांस तेव्हा उमगले. ढिला राहिलेला एक सांधा भर समुद्रात खलाशांच्या जिवावर बेतू शकतो. चूक तर दाखवलीच पाहिजे, आणि वर्षानुवर्षांचा सोबतीही दुखावता कामा नये. वर्गात छडीने जे साधत नाही, ते येथे विनोदाने सहज साधते.