सुलट हात

अण्णांच्या हातांना कंप सुटला आणि त्यांची दाढी करण्याचे काम थोरल्या मुलाकडे आले. सेफ्टी रेझर जुनाच. पहिल्या दिवशी गालावर तो वरून खाली, सुलट, नीट चालला. मानेवर मात्र रक्त आले. जखम वाहती असताना अभिषेक करायचा नसतो. अण्णा गाभाऱ्याबाहेरच बसून राहिले.

दुसऱ्या सकाळी त्यांनी मुलाची बोटे आपल्या मानेवरून फिरवली. तेथील केस खालून वर वाढलेले. म्हणजे वरून खाली ओढणे हाच तेथे उलट हात! मग ऊन पाण्याने खुंट भिजवून, कातडी ताणून, पाते सुमारे ३० अंशांत धरून, केवळ रेझरच्या वजनावर आखूड हात फिरले. दुसऱ्यांदा आडवे. उलट हाताचा गुळगुळीतपणा वृद्ध त्वचेला महागात पडतो, तो वगळला.

हनुवटीखाली थोडे खुंट राहिले. अण्णांनी ते चाचपले आणि आंघोळीला उठले.