आजोबांची क्यू

आमच्या घरी माळ्यावर पत्र्याची एक लांब नळी असे. तीत आजोबांची बिलियर्ड्‌सची क्यू ठेवलेली होती. इंदुरातील एका क्लबात मार्कर म्हणून आजोबांनी आयुष्याची उमेद घालविली. गुण मोजावयाचे, टेबलाचे हिरवे कापड झाडावयाचे, क्यूंची निगा राखावयाची, हे त्यांचे काम. ते निवृत्त झाले तेव्हा एका वृद्ध सभासदाने आपली ही क्यू त्यांना देऊन टाकली.

तिचा मागचा भाग काळ्याभोर आबनुसाचा, आणि पुढचा निमुळता भाग ॲश नावाच्या फिकट विलायती लाकडाचा. ही दोन लाकडे जेथे भेटत, तेथे चार काळी टोके फिकट लाकडावर चढत गेलेली दिसत. मला ती नक्षी वाटे. एकदा आजोबांनी माझे बोट धरून नख त्या रेषेवरून फिरविले.

"कुठे अडलं का रे?"

कोठेच अडले नाही.

"ही नक्षी नव्हे बाळ, हा सांधा आहे."

ॲशच्या मागच्या टोकाला चौधारी पाचरीचा आकार द्यावयाचा, तिच्या चारही अंगांस आबनुसाच्या पट्ट्या सरसाने चिकटवावयाच्या आणि मग सारे रंध्याने गोल करावयाचे, म्हणजे ती टोके आपोआप उमटतात. हाताने केलेल्या सांध्यात ती गोलसर येतात, यंत्राच्या सांध्यात अणकुचीदार. लाकडास लाकूड लांबवर भिडते म्हणून सांधा टिकतो, आणि जड आबनुसामुळे वजन मागच्या हाताकडे राहते. अमेरिकेतील पूलच्या क्यूवरही अशी टोके असतात. तिचा पुढचा दांडा मेपलचा, मध्ये पेचाचा जोड आणि मुठीवर बहुधा लिननच्या दोऱ्याचे वेष्टण. स्वस्त क्यूवर मात्र टोकांचे नुसते चित्र छापलेले आढळते. त्यास खुशाल नक्षी म्हणावे!

आणखी एक गंमत आजोबा सांगत. पूर्वी चेंडू जड ठोकळ्याच्या दांडक्याने ढकलीत. चेंडू कडेला चिकटला की दांडके उलटे करून त्याच्या शेपटाने मारीत. फ्रेंच भाषेत शेपटास 'क्यू' म्हणतात. पुढे शेपूटच राहिले, दांडके गेले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मिंगो नामक फ्रेंच खेळाडूने त्या टोकास चामडे लावले, तेव्हापासून चेंडूस हवी तशी फिरकी देता येऊ लागली.

मी नववीत असताना आजोबा काही दिवस परगावी गेले होते. त्यांना आनंदित करावे म्हणून मी ती क्यू काढली, काचकागदाने खसाखसा घासली आणि वर व्हार्निशचे दोन हात दिले. ती आरशासारखी चकाकू लागली.

आजोबा आले. त्यांनी डाव्या हाताच्या बोटांची कमान करून तीतून क्यू पुढे सरकविली. ती घामेजल्या कातडीस चिकटून थबकली. ॲशला जवसाच्या तेलावाचून काही लावावयाचे नसते, हे मला कोठे ठाऊक होते? ते रागावले नाहीत. संध्याकाळभर बसून त्यांनी व्हार्निश उतरविले, पुन्हा तेल चोळले.

घासून गेलेले लाकूड मात्र परत येईना. टोकाशी पितळेचे एक लहानसे बोंडले आहे. पूर्वी ते लाकडाशी अगदी समपातळीत होते. आता तेथून नख फिरविले की अडते.