पाच मिनिटं थांब!

"अगं, झाकण लावून काय पेटवतेस!"

वहिनी ओरडली तेव्हा माझं बोट ग्रिलच्या बटणावर होतं. न्यू जर्सीत दादाच्या घरामागचं अंगण, शनिवारची दुपार आणि आख्खी कोंबडी गॅस ग्रिलवर फिरवत भाजायची जबाबदारी मी मोठ्या हौसेनं अंगावर घेतलेली. रोटिसरी म्हणजे काय, आपल्याकडे हॉटेलच्या दारात काचेच्या कपाटात गरगर फिरते तीच कोंबडी. त्यात काय एवढं? दोनदा बटण दाबलं, पेटलं नाही. नॉब मात्र चालूच. तिसऱ्यांदा दाबणार होते. शेजारी पाच वर्षांचा भाचा डोळे विस्फारून उभा.

वहिनीनं नॉब बंद केले, सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद केला, झाकण सताड उघडलं आणि आम्हा दोघांना मागे ओढलं. "आता पाच मिनिटं थांब." झाकणाखाली गॅस कोंडतो आणि एका ठिणगीत भडकतो. नशीब, म्हणून भुवया शाबूत!

खरी लाज पुढेच वाटली. गॅसचा वास आला तर आधी रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड, लाइटच्या बटणाला हात नाही, हे आईनं लहानपणीच डोक्यात भरवलंय. पण उघड्यावर, सुट्टीच्या मूडमध्ये, मी सगळं विसरले. गॅस तो गॅसच, ओट्यावरचा काय नि अंगणातला काय.

त्या पाच मिनिटांत वहिनीनं माझी तयारी तपासली आणि मी सपशेल नापास झाले. कोंबडीचे पाय-पंख दोऱ्यानं घट्ट बांधायचे, नाहीतर लोंबतात आणि जळतात. सळई बरोब्बर मधून जायला हवी, दोन्ही बाजूंचे काटे रुतवून स्क्रू आवळायचे. मग सळई दोन तळहातांवर ठेवायची. एकच बाजू सारखी खाली गेली तर तोल चुकला. मोटर अडखळत फिरते, कोंबडी एकीकडून करपते. भाजायच्या जाळ्या आधीच काढायच्या. मधला बर्नर बंद, कडेचे चालू आणि खाली थोडं पाणी घातलेला ट्रे, म्हणजे ठिबकणारी चरबी पेटत नाही. पेटलीच तर पाणी मारायचं नाही, बर्नर बंद करायचे. मोटरची वायर गरम भागापासून लांब. पाइपच्या जोडावर साबणाचं पाणी लावलं. बुडबुडे नाहीत, म्हणजे गळती नाही.

मग झाकण उघडं ठेवून पेटवलं. पहिल्या झटक्यात! ग्रिल तापल्यावर सळई चढवली आणि मग कुठे झाकण लावलं. दीड तासानं मांडीच्या जाड भागात, हाडाला न लावता, थर्मामीटर खुपसला: ७४ अंश. झाली! सळई निखाऱ्यासारखी तापलेली, म्हणून जाड हातमोजे घालूनच उतरवली.

रात्री आईचा फोन. "काय गं, काय केलंस आज?"

"काही नाही," म्हटलं, "पाच मिनिटं थांबले."