चहाऐवजी ताक द्या



बरेच दिवसांत गाठभेट नाही, म्हणून खुशाली कळवतो. नोकरी तीच. सध्या कपाशीत कामगंध सापळे लावून घेत फिरतो आहे. एका सापळ्यात गुलाबी बोंडअळीचे रोज ८ पतंग, असे सलग ३ रात्री सापडले, की फवारणीची वेळ झाली समजा. त्याआधी औषधावर पैसा घालू नका.

आता माझे ऐका. दर गुरुवारी देवळात भजनाला मी पखवाज वाजवतो. २०२३ साली भजनातून उठताना तळपायांना मुंग्या येऊ लागल्या. मांडी घालून बसल्याने असेल, म्हणून वर्ष काढले. शेवटी घरच्यांनी दवाखान्यात नेले, तर मधुमेह! ‘माती तपासून घ्या’ म्हणून गावोगाव सांगणाऱ्या माणसाने स्वतःचे रक्त कधी तपासले नव्हते. त्यात बांधाबांधावर गोड चहा. नाही म्हटले तर तुम्हाला राग येईल, ही भीती.

आता गोळी चालू आहे. ज्वारीची भाकरी, तीही मोजून. पहाटे तासभर चालणे. एकादशी सोडली नाही, साबुदाण्याची खिचडी सोडली. तेही डॉक्टरांना विचारूनच. पायांच्या मुंग्या पुरत्या गेलेल्या नाहीत. पखवाज मात्र सोडला नाही. मधूनमधून उठून पाय मोकळे करतो.

तेव्हा मंडळी, चाळिशी उलटली असेल तर एकदा रक्त तपासून घ्या. कारभारणीचेही. आणि मी बांधावर आलो, तर ताक द्या. मानपान तेवढाच समजेन.